पाव इंची पाइप

फौजेतल्या ड्रायव्हरचा दिवस फर्स्ट परेडने सुरू होतो. ही परेड माणसांची नसते, गाडीची असते. इंजिन ऑइल, पाणी, बॅटरी, फॅन बेल्ट, टायरची हवा, चाकांचे नट, दिवे, हॉर्न, ब्रेक. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड आणि गाडी परत आली की लास्ट परेड. वाचकांपैकी ज्यांनी वर्दी घातली आहे त्यांना ही यादी झोपेतसुद्धा पाठ असेल. बाकीच्यांना एवढंच सांगतो, की यादीतल्या बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसतात. तेल डिपस्टिकवर दिसतं, बेल्ट बोटाने दाबून कळतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र आपण पेडल दाबतो, ते घट्ट लागलं की ‘ब्रेक ओके’ म्हणतो आणि निघतो. पेडलपासून चाकापर्यंत काय चाललंय ते गाडीखाली झोपल्याशिवाय कळत नाही.

भटिंड्याच्या पोस्टिंगमध्ये एका हिवाळ्यात मी जवळजवळ पाच आठवडे, संध्याकाळी आणि रविवारी, एका जीपखाली झोपलेलो होतो. त्या जीपची ही गोष्ट. त्यातही तिच्या ब्रेक पाइपांची, कारण बाकीची जीप सगळ्यांनी पाहिली आणि फोटोही काढले. पाइप फार थोड्यांनी पाहिले.

आमच्या पलटणीच्या क्वार्टर गार्डसमोर चबुतऱ्यावर ही जीप उभी असायची. १९६०च्या दशकातली, उंच बॉनेटची सीजे-३बी. मूळ घराणं अमेरिकेच्या विलीजचं. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनवल्या. आमच्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं आणि मागच्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असा इशारा होता. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना अशा पाट्या आठवत असतील.

एके काळी तिच्या पाठीवर १०६ मिलिमीटरची आरसीएल गन होती. आरसीएल म्हणजे रिकॉइललेस, धक्का न देणारी तोफ. गोळा पुढे जातो आणि तेवढ्याच जोराने गॅस मागून बाहेर पडतो, त्यामुळे २०० किलोच्या आसपासची ही गन जीपसारख्या हलक्या गाडीवरून फायर करता येते. १९६५च्या सप्टेंबरात खेमकरण भागात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या अशाच गनने पाकिस्तानी रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मागून निघालेल्या गॅसमुळे धुळीचा मोठा लोट उठतो आणि गन कुठे आहे ते शत्रूला लगेच कळतं. एक-दोन गोळे टाकले की जागा सोडायची. म्हणजे या शस्त्रात नेमबाजाइतकाच ड्रायव्हर महत्त्वाचा.

त्या वर्षीच्या रेझिंग डेला सीओ साहेबांच्या मनात आलं, की जीप चबुतऱ्यावरून उतरवायची आणि तिच्यातून पलटणीच्या सगळ्यात जुन्या हयात आरसीएल ड्रायव्हरला ग्राउंडवर आणायचं. हे ड्रायव्हर म्हणजे सातारा जिल्ह्यातले एक सुभेदार साहेब. पलटणीत तेव्हा मराठी बोलणारा मी एकटाच ऑफिसर, म्हणून फोन मी केला. चालत जाण्याचे कष्ट नकोत, जवान दोर बांधून जीप ओढतील, असं मी सांगितलं. सीओंना निरोप देताना ऑफिसर मंडळी जीप दोराने ओढतात, ती पद्धत डोक्यात होती.

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाले, “साहेब, ओढून न्यायला मी काय परत रिटायर होतोय का? ते एकदा झालंय. चालवायला देत असाल तर येतो.”

सीओ साहेबांना हे कळल्यावर ते खूश झाले आणि मला म्हणाले, “ठीक आहे. पण तुझ्या सहीशिवाय ती जीप एक फूटही हलणार नाही.” मी तेव्हा टूआयसी होतो. टूआयसीच्या वाट्याला सह्या भरपूर येतात, पण बहुतेक कागदांच्या मागे एवढं वजन नसतं.

इंजिन आमच्या एमटी हवालदाराने दहा दिवसांत बोलतं केलं. कार्ब्युरेटर साफ, प्लग नवे, पेट्रोलची टाकी आतून धुतलेली. चौथ्या-पाचव्या सेल्फला ते खोकलं आणि सगळी एमटी टाळ्या वाजवायला लागली. पेंटरने ऑलिव्ह ग्रीनचे दोन हात मारले. बंपरवर पलटणीचं चिन्ह आलं. लांबून पाहणाऱ्याला जीप तयार होती.

“साहब, पाँच की स्पीड से दो सौ मीटर जाना है,” एमटी हवालदार म्हणाला. “ब्रेक का क्या करना है? हँडब्रेक है ना.”

त्याचं बोलणं वरवर पटण्यासारखं होतं. पण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, त्यावर तो लागतो. उभी गाडी उभी ठेवण्यासाठी तो आहे, चालती गाडी थांबवण्यासाठी नाही. शिवाय त्या दोनशे मीटरमध्ये जीपच्या पुढे बँड चालणार होता, दोन्ही बाजूंना कुटुंबं आणि मुलं बसणार होती, आणि स्टिअरिंगवर सत्तरी ओलांडलेला माणूस असणार होता. पाच किलोमीटरच्या वेगाने टनभराहून जड जीप बासरीवाल्याच्या पाठीवर गेली, तर ती पाचच्या वेगाने गेली होती हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सांगून काय उपयोग?

तेव्हा गाडी जॅकवर घेतली आणि चारही ड्रम काढले.

आमच्याकडे ईएमईचा एक क्राफ्ट्समन होता, व्हेईकल मेकॅनिक, ओडिशातल्या गंजामचा, वय तेवीस. हात चांगले, बोलणं कमी. त्याने पहिल्या संध्याकाळी जे काढून ठेवलं ते असं होतं. चार व्हील सिलिंडरपैकी तीन आतून गंजून जाम. ब्रेक शू ड्रमला चिकटलेले. पुढचे स्टीलचे पाइप वरून बरे, पण जिथे क्लिपांनी चासीला धरले होते तिथे क्लिपेखाली पाणी साचून निम्मे खाल्लेले. रबरी होज वाकवले की भेगा उघडत होत्या. आणि मागच्या अॅक्सलकडे जाणारा पाइप मात्र सुंदर, लालसर, चकचकीत.

तो तांब्याचा होता. कुणीतरी, केव्हातरी, फ्रिजच्या कॉम्प्रेसरला असतो तसला तांब्याचा पाइप आणून मधला खराब तुकडा कापून जोडला होता. सांधा होता फेरूलचा, म्हणजे पितळी कडी पाइपवर आवळून केलेला, घरात पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपला असतो तसा. क्राफ्ट्समनने तो हातात धरून हलकेच ओढला, पाइप कडीतून निसटला.

इथे थोडा हिशोब सांगतो, कारण त्याशिवाय हे किती गंभीर आहे ते कळत नाही. मास्टर सिलिंडर एक इंच व्यासाचा आहे, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण पाच चौरस सेंटिमीटर. घाबरलेला माणूस पायाने सहज ४० किलोचा जोर लावतो. पेडलच्या लांबीमुळे तो पाचपट होतो असं धरलं तर पिस्टनवर २०० किलो. भागाकार केला की पाइपमधला दाब निघतो ४० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. जीपच्या टायरमधली हवा असते दोनच्या आसपास. म्हणजे करंगळीपेक्षा बारीक, पाव इंची पाइपात टायरच्या वीसपट दाब. आणि हा दाब रोज येत नाही. रोजच्या हलक्या ब्रेकिंगला फेरूलचा सांधा टिकतो, तांबंही टिकतं. तो सुटतो नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी समोर मूल येतं आणि ड्रायव्हर जिवाच्या आकांताने पेडल दाबतो. शुद्ध तांब्याचं आणखी एक आहे, सतत थरथरल्याने ते कडक होत जातं आणि मग चिरतं. बाहेरून शेवटपर्यंत चकचकीतच दिसतं.

दुसरी गोष्ट आजच्या गाड्या चालवणाऱ्यांना माहीत नसते. या जीपला ब्रेकचं सर्किट एकच आहे. आजच्या गाडीत मास्टर सिलिंडरचे दोन भाग असतात, एक पाइप फुटला तरी निदान दोन चाकं धरतात. जीपमध्ये चारही चाकं एकाच तेलावर. कुठेही एक पाइप फुटला, एक होज फाटला, एक नट सैल झाला, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पेडल फळीला टेकतं आणि गाडी आपल्या मर्जीने जाते.

म्हणून ठरवलं की तुकडे जोडायचे नाहीत. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत प्रत्येक पाइप नवा करायचा.

सामान सरकारी मार्गाने मिळणं शक्य नव्हतं. कागदोपत्री ही गाडी केव्हाच बाद झालेली, शोभेची वस्तू. पैसे रेजिमेंटल फंडातून आले आणि सामान आलं मंडी डबवालीहून.

भटिंड्याहून चाळीसेक किलोमीटरवर, पंजाब आणि हरियाणाच्या हद्दीवर हे गाव आहे. फौजेने लिलावात काढलेल्या जीप इथे येत आणि इथले मिस्त्री त्या उभ्या करत. त्यातून अख्खा धंदा तयार झाला. हिवाळ्याच्या सकाळी धुक्यात तिथे पोचलं तर दुकानांपुढे चासी, बॉनेट आणि ग्रिल रांगेने उभी दिसतात, पलटण फॉलइन झाल्यासारखी. आम्हाला जे मिस्त्री भेटले ते सरदारजी सत्तरीचे असतील. आमची यादी त्यांनी वाचलीच नाही. एकच विचारलं, फ्लेअर कोण मारणार? क्राफ्ट्समनने हात वर केला. मिस्त्रींनी त्याला आत बोलावलं आणि मला बाहेर खाटेवर चहा देऊन बसवलं. कर्नल साहेबाला कुठे बसवायचं आणि कारागिराला कुठे न्यायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

फ्लेअर म्हणजे पाइपचं तोंड. ब्रेकचा पाइप नटाने बसतो, पण तेल अडवतो तो नट नव्हे. पाइपचं टोक तुतारीच्या तोंडासारखं पसरवलेलं असतं, ते समोरच्या सीटवर दाबून बसतं, आणि नट फक्त ते दाबून ठेवतो. जीपला लागतो डबल फ्लेअर. आधी पाइपचं टोक डायमध्ये पकडून त्याचा फुगा करायचा आणि मग तो फुगा शंकूने आत दुमडायचा, म्हणजे तोंडावर धातूचा दुहेरी थर येतो. स्टीलच्या पाइपला एकेरी तोंड केलं तर कडेला चीर जाते, आणि चीर इतकी बारीक असते की नखालाच लागते.

तासाभराने क्राफ्ट्समन बाहेर आला तेव्हा त्याला मिस्त्रींचं एकच वाक्य पाठ झालं होतं. “पहलां नट पा, फेर मूंह बणा.” आधी पाइपात नट घाल, मग तोंड कर. तोंड झाल्यावर नट घालता येत नाही. चार फुटांचा पाइप बरोबर वाकवून, सुरेख फ्लेअर मारून, आणि नट बाकावर तसाच राहिलेला, असं दुःख त्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी भोगलेलं असतं म्हणे.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दिली, जुने नट मोजायची आट्यांची पट्टी. जीपचे नट इंची आट्यांचे, आजच्या बहुतेक गाड्यांचे मिलिमीटरचे. काही माप इतके जवळचे असतात की चुकीचा नट दोन-तीन फेरे सहज जातो, पाना लावला की घट्टही लागतो. आटे मात्र आतून मोडलेले असतात. म्हणून नट आधी बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा, पाना फक्त शेवटच्या आवळणीला.

मग काम सुरू झालं. पाइप गुंडाळीत येतो, तो फळीवर लाटून सरळ केला. कुठे किती वाकवायचं ते आधी बाइंडिंगच्या तारेवर ठरवलं. तार चासीवरून जुन्या पाइपच्या वाटेने फिरवायची, काढायची, आणि तिच्याबरहुकूम पाइप बेंडरवर वाकवायचा. हॅकसॉने कापायचा नाही, कीस आत जातो. कटरने कापायचा, आतली धार काढायची, हवा मारायची. धुवायला स्पिरिट. पेट्रोल किंवा डिझेलचा हात लागला तर आतले रबर फुगतात.

फ्लेअर मात्र पोराला छळत होते. तोंड एका बाजूला झुकायचं, नाहीतर दुमडताना कडेला फाटायचं. पहिल्या आठवड्यात अकरा तुकडे वाया गेले. ते त्याने फेकले नाहीत, खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवले. हात त्याचा कच्चा नव्हता. त्याच्या रोजच्या गाड्यांचे पाइप तयार येतात, जुना काढायचा आणि नवा लावायचा, म्हणून हे काम कुणी त्याच्याकडून करून घेतलंच नव्हतं. बाराव्याला तोंड सरळ आलं. त्याने ते भिंगाखाली धरलं, मला दाखवलं, आणि पुन्हा कापून टाकलं. “सर, एक बार ठीक आया तो किस्मत भी हो सकती है.” पुढचे तीन सलग बरोबर आल्यावरच त्याने खऱ्या पाइपला हात लावला.

पाइप बसवताना एक नियम पाळला. जिथे काही हलत नाही तिथे स्टील आणि पक्की क्लिप. जिथे काही हलतं, म्हणजे स्प्रिंगवर अॅक्सल वरखाली होतो किंवा चाक वळतं, तिथे रबरी होज. आणि होज बसल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, अॅक्सल खाली सोडून बघायचं, की तो ताणला जात नाही आणि टायरला घासत नाही. सायलेन्सरपासून पाइप लांब. चासीच्या भोकातून जातो तिथे रबराची कडी. व्हील सिलिंडर पुढचे एक इंची आणि मागचे पाऊण इंची. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून जोर पुढे जास्त. हे उलटसुलट बसले तर ब्रेक लागतो, पण मागची चाकं आधी घासून गाडी फिरते.

ब्रेक ऑइल भरायच्या दिवशी पेंटर आपल्या रंगाची राखण करायला स्वतः येऊन उभा राहिला. हे तेल रंग खातं. त्याहून वाईट म्हणजे ते हवेतलं पाणी पितं. डॉट-३ तेल ताजं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. आणि तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. आमचे तीन सिलिंडर वापराने नव्हे, उभं राहिल्याने गेले होते.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आमचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं, डावं पुढचं. एकजण पेडलवर, एकजण चाकापाशी, पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. “दबाओ. पकड़ो. छोड़ो.” तीन संध्याकाळी एमटीच्या शेडमधून एवढे तीनच शब्द ऐकू येत होते. तेलाला दाबता येत नाही, हवेला येतं, म्हणून बुडबुडा राहिला की पेडल स्पंजासारखं लागतं. शेवटच्या चाकाचे बुडबुडे संपले आणि पेडल एका उंचीला येऊन थांबलं.

मग प्रत्येक सांध्याखाली शिळ्या पंजाबी पेपरचा एकेक तुकडा ठेवला. हवालदाराने दोन्ही पायांचा जोर लावून पेडल पाच मिनिटं धरलं. मी आणि क्राफ्ट्समन टॉर्च घेऊन एकेक सांधा बघत गेलो. रात्रभर पेपर तसेच ठेवले. सकाळी सगळे कोरडे होते, एक सोडून. तो नट अर्ध्या फेऱ्याने सैल होता. तो आवळून परत एक रात्र.

नंतर एमटीच्या मोकळ्या रस्त्यावर १०, २०, ४० च्या वेगाला ब्रेक मारून पाहिले. गाडी आधी डावीकडे ओढत होती, शू परत सेट केले. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमना हात लावून बघायचा. एकच जास्त गरम लागला तर तिथला शू घासतोय. चौथ्या दिवशी चारही सारखे कोमट लागले. त्या दुपारी मी सही केली.

सुभेदार साहेब आदल्या संध्याकाळी पंजाब मेलने आले. पांढरी टोपी, कोट, कोटावर मेडल. चहा बाजूला ठेवून म्हणाले, “आधी गाडी दाखवा.” मला वाटलं ते सीटवर बसतील, स्टिअरिंगला हात लावतील, डोळे भरून येतील. आमच्या एका कॅप्टनने फोनचा कॅमेराही उघडून ठेवला होता. पण साहेबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, कोट काढला, आणि गुडघ्यावर हात टेकत थेट गाडीखाली वाकले.

बराच वेळ काही बोलले नाहीत. टॉर्च मागितला. मास्टर सिलिंडरपासून पाइपवर बोट ठेवत मागच्या अॅक्सलपर्यंत गेले. मग बाहेर आले.

“पाइप कुणी केला?”

मी क्राफ्ट्समनला पुढे बोलावलं. साहेबांनी त्याचे हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे पाहिले. मग कट्ट्यावरचे वाया गेलेले अकरा तुकडे पाहिले, एकेक उचलून. पोरगा कानकोंडा झाला. साहेब त्याला हिंदीत म्हणाले, “अच्छा किया, रखा. जो फेंक देता है, वो गिनता नहीं.”

मग आम्ही बाहेर खुर्च्यांवर बसलो आणि ते मराठीत सांगू लागले. डिसेंबर १९७१, फाजिल्का भाग, आमच्यापासून फार लांब नाही. रात्री, दिवे बंद, त्यांची जीप गोळा टाकून दुसऱ्या जागेकडे निघालेली. कुठूनतरी एक छर्रा लागला, आवाजसुद्धा आला नाही. नव्या जागेपाशी पेडल दाबलं तर पाय फळीला. गिअर टाकून गाडी दाबायचा प्रयत्न केला, पण अंतर संपलं होतं. जीप खड्ड्यात गेली. गनवरचा नंबर टू खाली फेकला गेला आणि त्याचा पाय गाडीखाली आला.

“जागा सोडायला इंजिन लागतं, साहेब,” ते म्हणाले. “पण नव्या जागेवर थांबायला ब्रेक लागतो. त्याला कुणी मेडल देत नाही. माझा नंबर टू पुढे चाळीस वर्षं लंगडत चालला. गावाकडं कधी भेटला की म्हणायचा, तुझी चूक न्हाई. मला माहीत होतं माझी चूक न्हाई. पण पाय त्याचा होता.”

त्यांना जीप चालवायची होती ती हौसेपोटी, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी धुकं दहा वाजता उठलं. साहेब सीटवर बसले, आणि क्लच सोडण्याआधी त्यांनी ब्रेक पेडल तीनदा दाबलं. शेजारी क्राफ्ट्समन बसला होता, प्रेस केलेल्या वर्दीत, नजर समोर. मागे दोन जुने जवान. बँडने चाल धरली आणि जीप निघाली. ग्राउंडवर सलामी मंचासमोर चुन्याची पांढरी रेघ होती, तिथे थांबायचं होतं. साहेबांनी गाडी पुढच्या बंपरची कड रेघेवर आणून थांबवली. झटका नाही, चाक घासल्याचा आवाज नाही. टाळ्या वाजल्या त्या मेडलांना, रंगाला, जुन्या जीपला. साहेबांनी क्राफ्ट्समनच्या गुडघ्यावर एकदा थाप मारली, आणि उतरले.

जीप आता परत चबुतऱ्यावर आहे, पण उतरण्यासाठी लोखंडी रॅम्प बाजूलाच ठेवलेला आहे. शनिवारी तिची फर्स्ट परेड होते आणि ती एमटीच्या रस्त्यावर एक फेरी मारते, कारण उभ्या गाडीचे ब्रेक चालत्या गाडीपेक्षा लवकर जातात. तेल दर दोन वर्षांनी बदलायचं, त्याची तारीख चासीवर आतल्या बाजूने रंगवली आहे. माझी बदली झाली तेव्हा हँडिंग-टेकिंगच्या कागदात मेस, कॅन्टीन, जमीन आणि इमारतींच्या खाली मी या जीपचं एक पान जोडलं. त्यावर पाइपांचा नकाशा, नटांची मापं, हवा काढण्याचा क्रम, आणि ते पाइप ज्याने केले त्याचा हुद्दा आणि नाव. चबुतऱ्यावरच्या पितळी पाटीवर एवढी जागा नव्हती.

तुमच्या पलटणीत, सैनिक शाळेत किंवा गावातल्या चौकात अशी एखादी जुनी गाडी उभी असेल आणि कुणी ती समारंभाला चालवायचं म्हणत असेल, तर रंगाच्या डब्याआधी टॉर्च मागवा आणि खाली झोपा. मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या चाकापर्यंत बोट पाइपवरून फिरवा. मध्ये कुठे तांबं लागलं, तर गाडी तिथेच उभी राहू द्या.